व्यवसायजन्य व्याधींचें संशोधन : त्याची वाढ, साधनें व भवितव्य

१. प्रास्ताविक

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाच्या पाहण्यांत लेखकाची एक तक्रार वारंवार आलेली असते. ग्रंथ पुरा झाल्यावर पुष्पिकेंत लेखक सांगतो कीं, पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टि एका ठायीं खिळवून व तोंड खालीं घालून हें लिखाण मोठ्या कष्टानें केलें आहे, तरी तें यत्नानें सांभाळावें. हा मजकूर इतक्या पोथ्यांत व इतक्या ठरीव शब्दांत येतो कीं, सूचि करणारा ‘नेहमींचा श्लोक’ एवढा शेरा मारून पुढें जातो. परंतु वैद्यकाच्या दृष्टीनें पाहिल्यास त्याचें मोल निराळें आहे. अमुक धंदा करणाऱ्यास शरीराच्या अमुक ठिकाणीं पीडा होते, अशी ती धंदेवाइकानें स्वहस्तें केलेली नोंद आहे.

धंद्यापासून मनुष्याच्या प्रकृतीस कोणते अपाय होतात, ते कसे ओळखावे व आधींच कसे टाळावे, याचा विचार करणारें शास्त्र तें व्यवसायारोग्यशास्त्र. आणि त्या शास्त्रास अनुसरून कामाच्या ठिकाणीं जी व्यवस्था ठेवावयाची ती व्यवसायारोग्यसेवा. दवाखाना व ही सेवा यांत भेद आहे. दवाखाना रोग झाल्यावर औषध देतो. ही सेवा रोग होऊं नये म्हणून हवा, धूळ, उष्णता, ओझें, कामाचे तास व काम करणाऱ्याची शक्ति यांचा मेळ पाहते. हा विषय या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे असें प्रथमदर्शनीं कोणास वाटेल. तथापि या शास्त्राची वाढ प्रत्येक पायरीवर लेखी नोंदीवर अवलंबून राहिली आहे. जेथें नोंद झाली तेथें रोग दिसला. जेथें नोंद नाहीं तेथें रोग असूनहि तो नाहींच असें मानलें गेलें. हें एकच प्रमेय प्रस्तुत लेखांत मांडावयाचें आहे. त्याचीं उदाहरणें शक्य तों आपल्याच प्रांतांतून, व शेवटीं काटेवाडी आणि तिच्या आसपासचा बारामती-इंदापूर भाग यांतून घेतलीं आहेत.

२. कर्म व धंदा

श्रमापासून रोग होतो हें आयुर्वेदास अज्ञात नव्हतें. चरकाच्या निदानस्थानांत शोषाचीं चार कारणें सांगितलीं आहेत : साहस, वेगसंधारण, धातुक्षय व विषमाशन. यांपैकीं साहस म्हणजे शक्तीबाहेरचें कर्म. प्रमाणाबाहेर ओझें वाहणें, फार मोठें धनुष्य ओढणें, अतिशय बोलणें, पाण्यांत दूरवर पोहत जाणें, अशीं त्याचीं उदाहरणें तेथें दिलीं आहेत. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत अतिश्रमानें व अतिप्रवासानें होणाऱ्या शोषांचीं लक्षणें पृथक् वर्णिलीं आहेत. मात्र हे ग्रंथकार कर्म सांगतात, धंदा सांगत नाहींत. ओझें वाहिल्यानें शरीर झिजतें हें सांगितलें. पण हमालांच्या शंभर घरांत असे रोगी किती व विणकरांच्या शंभर घरांत किती, ही तुलना करण्याचा तो मार्ग नव्हता. तुलनेवांचून संशोधन नाहीं, आणि नोंदीवांचून तुलना नाहीं.

इटलींतील मोदेना येथें बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यानें १७०० सालीं धंदेवाइकांच्या रोगांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याची चौकशी करतांना जे प्रश्न विचारण्याचा पूर्वापार प्रघात होता, त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ या एका प्रश्नाची भर घालावी असें त्यानें सांगितलें. आजच्या सर्व व्यवसायारोग्यशास्त्राचें बीज या एका प्रश्नांत आहे. १७१३ सालच्या वाढविलेल्या आवृत्तींत लेखनिक व कारकून यांच्या रोगांचेंहि विवेचन आहे. सतत बैठक, हाताची एकच एक हालचाल, आणि चूक होऊं नये म्हणून मनावर पडणारा ताण, हीं तीन कारणें तो देतो. आपल्या पुष्पिकेंतील लेखकाची व या वैद्याची येथें गांठ पडते.

मराठी राज्यांत सेवेंत पडलेल्या मनुष्याच्या मुलाबाळांस बालपरवेशी चालत असे, हें मोडी कागद चाळणाऱ्यांस सांगावयास नको. सेवेंत झालेल्या हानीची भरपाई धन्यानें करावी हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. पण ती हानि रणांगणावरील, एका क्षणांत घडलेली व चारचौघांनीं पाहिलेली असे. वीस वर्षें हळूहळू घडणारी हानि यादींत यावयाची तर आधीं ती कोणीतरी मोजली पाहिजे.

३. दौतीजवळचें विष

संग्राहकांच्या अगदीं हातांतलें उदाहरण हरताळाचें आहे. चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं लेखक त्यावर हरताळ लावीत व त्यावर नवें अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार यावरूनच रूढ झाला. कसर लागूं नये म्हणून कित्येक पोथ्यांचीं सबंध पानेंच हरताळानें पिवळीं केलेलीं असतात. हरताळ म्हणजे आर्सेनिक, ज्यापासून सोमल होतो तें द्रव्य, व गंधक यांचा संयोग. तांबड्या शाईंतला हिंगूळ हा पारा व गंधक यांचा संयोग. सुश्रुताच्या कल्पस्थानांत धातुविषें म्हणून ज्या दोन द्रव्यांची गणना आहे त्यांत एक हरताळ आहे. आणि रसग्रंथांत शोधन केल्यावांचून तो पोटांत देऊं नये असा निर्बंध आहे. म्हणजे खाणाऱ्यास तो विष आहे हें ज्ञान पक्कें होतें. पण त्या ग्रंथांचा विषय औषध घेणारा रोगी हा आहे. रोज हरताळ खलून बोटानें लावणारा लेखक हा नव्हे.

हा धोका आज लेखकास नसला तरी संग्राहकास आहे. हरताळ पाण्यांत सहजासहजीं विरघळत नाहीं, तथापि उजेडानें व काळानें त्याचा कांहीं अंश अधिक विद्राव्य व म्हणून अधिक विषारी रूप धारण करतो. जीर्ण पानांवरून तो भुकटीच्या रूपानेंहि सुटतो. यास्तव पिवळ्या पानांची पोथी चाळतांना बोटास थुंकी लावूं नये, पोथी झटकूं नये, जवळ खाण्याचे पदार्थ ठेवूं नयेत, नाकातोंडावर फडकें बांधावें व काम संपतांच हात साबणानें धुवावे. पोथी टाकून देण्याचें कांहीं कारण नाहीं. ती हाताळण्याची रीत बदलली म्हणजे पुरे. दोष काम करणाऱ्याच्या माथीं न मारतां कामाची रीत सुधारावी, हेंच व्यवसायारोग्यसेवेचेंहि सूत्र आहे.

४. मुंबईच्या गिरण्या : सोमवारचें लक्षण

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. १८७५ सालीं मुंबई सरकारनें गिरण्यांच्या चौकशीसाठीं मंडळ नेमलें, आणि १८८१ सालीं हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. त्याच्या मुळाशीं लँकाशायरच्या गिरणीवाल्यांची स्पर्धाहि होती, हें इतिहासज्ञांस विदित आहे. या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची मनाई केली व बारा वर्षांखालील मुलांस दिवसाचे नऊ तास ही मर्यादा घातली. मुलाचें वय ठरविण्यासाठीं वैद्याचा दाखला लागूं लागला. म्हणजे कायद्याच्या द्वारें कारखान्याशीं वैद्याचा जो पहिला संबंध आला, तो वय ठरविण्यापुरता होता. रोग पाहणें हें त्याचें काम नव्हतें.

कामगारांच्या बाजूनें पहिलें महत्त्वाचें साधन १८८४ सालचें आहे. ‘दीनबंधु’ पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनीं त्या वर्षीं सप्टेंबरांत परळ भागांत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार ठरल्या तारखेस, कामांत जखम झाल्यास बरें होईपर्यंत पूर्ण पगार व कायमचें अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद, अशा त्यांत मागण्या होत्या. या मागण्यांत एकहि रोगाचें नांव नाहीं. तरी रोगाचीं कारणें जवळजवळ सर्व आहेत. १८९० सालीं गिरण्यांस रविवारची सुटी मिळाली व १८९१ च्या कायद्यानें साप्ताहिक सुटीस कायद्याचा आधार आला.

या सुटीचा संशोधनाशीं असलेला एक संबंध सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. कापसाच्या धुळीनें पिंजण व कांतण खात्यांतील कामगारांस बिसिनोसिस नांवाचा श्वसनरोग होतो. त्याचें आरंभींचें विशेष लक्षण असें कीं, सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशीं छाती आवळल्यासारखी होते व पुढल्या दिवसांत तो त्रास कमी होतो. वर्षें लोटलीं म्हणजे तो आठवड्याचे सर्व दिवस राहूं लागतो व अखेर दम कायमचा जडतो. लँकाशायरमध्यें रिचर्ड शिलिंग यानें १९५० नंतरच्या दशकांत याच लक्षणावरून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. आतां जेथें सुटीच नाहीं तेथें ‘सुटीनंतरचा पहिला दिवस’ कोठून येणार? जो कामगार सातहि दिवस धुळींत उभा, त्याच्या रोगाचें हें ओळखचिन्ह उमटण्यास जागाच राहत नाहीं. तो ‘दमेकरी’ म्हणून घरीं बसतो. लोखंडे यांच्या अर्जानें मागितलेल्या विश्रांतीनें रोग पाहण्यास लागणारी फटहि निर्माण झाली.

५. कायदा, संस्था व चाळीस वर्षांची वही

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला. अपघाताप्रमाणेंच धंद्यापासून होणारा रोगहि भरपाईस पात्र आहे हें त्यानें मान्य केलें व अशा रोगांची एक अनुसूचि जोडली. ती आरंभीं फार आंखूड होती. तींत शिसें व फॉस्फरस यांच्या विषबाधेबरोबर लोकर, केस व कातडें हाताळणाऱ्यांस होणारी काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, हिचा समावेश होता. पुढें ही अनुसूचि वाढत गेली. आणि तिची वाढ हाच या संशोधनाच्या वाढीचा एक विश्वसनीय आलेख आहे. कारण अनुसूचींत रोगाचें नांव पडण्यापूर्वीं कोणीतरी रोगी मोजलेले असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरखात्याचे सभासद होते. त्याच काळांत, १९४४ सालीं, प्रा. अडारकर यांचा कामगारांच्या आरोग्यविम्यावरील अहवाल आला. १९४५ सालीं कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराची कचेरी स्थापन झाली. व १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानें औद्योगिक आरोग्य हें सार्वजनिक आरोग्याचें अंग म्हणून मांडलें. १९४८ सालीं कारखाना कायदा व राज्य विमा कायदा हे दोन्ही झाले. कारखाना कायद्यानें ठरावीक रोगांचा रोगी आढळल्यास वैद्यानें तें वर कळविलें पाहिजे असें बंधन घातलें. १९६६ सालीं मुंबईस शीव येथें केंद्रीय श्रम संस्थेचें उद्घाटन झालें. त्याच वर्षीं अहमदाबादेस व्यवसायारोग्य संशोधनसंस्था निघाली व १९७० सालीं तिला राष्ट्रीय संस्था हें नांव मिळालें. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९५९ सालीं अशा सेवांविषयीं शिफारस केली, व १९८५ सालच्या १६१ क्रमांकाच्या करारांत प्रतिबंध हेंच या सेवांचें मुख्य कार्य म्हणून सांगितलें.

अहमदाबादच्या संस्थेच्या कामांतील एक उदाहरण शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या मनुष्यास विसरतां येणें शक्य नाहीं. १८१८ च्या तहामुळें आपल्यास परिचित असलेल्या मंदसोर गांवीं पाटीवरची पेन्सिल कापण्याचा धंदा चाले. त्या दगडाच्या सूक्ष्म धुळीनें कापणाऱ्यांस सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होऊन कित्येक तरुणपणींच दगावले, हें या संस्थेच्या पाहणींत उघड झालें. देशांतल्या किती मुलांनीं त्या पेन्सिलीनें श्रीगणेशा गिरविला असेल! लहान कारखान्यांत, झोपडीवजा छपरांत हा रोग वाढला. मोठ्या गिरण्यांकडे डोळे लावलेल्यांस तो दिसणें कठीण होतें.

१९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधीं निकाल देतांना आज्ञा केली कीं, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद त्याच्या नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षें अथवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षें, यांपैकीं जी मुदत उशीरां संपेल तोंपर्यंत ठेवावी. एवढी लांब मुदत कां? तर ॲस्बेस्टॉसचे रोग धूळ नाकांत गेल्यावर वीस-तीस वर्षांनीं, पुष्कळदां त्याहूनहि उशिरां, प्रगट होतात. तोंपर्यंत कारखाना बंद पडतो, मालक बदलतो, कामगार गांवीं परततो. वही उरली तर न्याय उरतो. व्यवसायारोग्यशास्त्र व दप्तररक्षण यांचें नातें याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगितलेलें नाहीं.

६. काटेवाडी व नीरेच्या कालव्याचा प्रदेश

आतां आपल्या भागाकडे वळूं. श्रीतुकाराममहाराजांची पालखी आषाढीच्या वारींत बारामतीहून निघून काटेवाडीस येते, तेव्हां येथील परीट मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात व धनगरांच्या मेंढ्यांचें पालखीभोंवतीं रिंगण होतें. दोन धंद्यांचा असा सन्मान क्वचितच होत असेल. परंतु त्या दोन धंद्यांचें आरोग्य कोणत्या वहींत आहे? परटाचे हात सोडा व पाणी यांनीं फुटतात. धनगरास कळपापासून काळपुळीचा व मेंढ्या वितांना ब्रुसेलोसिस या दीर्घज्वराचा धोका असतो. काळपुळी १९२३ च्या अनुसूचींत आहे खरी. पण भरपाई मालकाकडून मिळावयाची, आणि स्वतःचा कळप चारणाऱ्या धनगरास मालक नाहीं. रोगाचें नांव कायद्यांत आलें. रोगी बाहेर राहिला.

नीरेच्या डाव्या कालव्यानें या तालुक्यांचें रूप पालटलें व उंसाचें पीक आलें. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगांव व सोमेश्वरनगर येथें साखरकारखाने उभे राहिले. उंसाचें चिपाड, ज्यास कारखान्यांत बगॅस म्हणतात, ओलसर राहून गंजींत सांठलें म्हणजे तापतें व त्यावर सूक्ष्म बुरशी वाढते. गंजी मोडतांना ती धूळ श्वासांत गेल्यास कांहीं तासांनीं ताप, खोकला व दम लागतो. वरचेवर असें होत राहिल्यास फुप्फुस कायमचें निकामी होऊं लागतें. या रोगास बगॅसोसिस म्हणतात. त्याचें वर्णन अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत १९४१ सालीं झालें, व पुढें आपल्या भरपाई कायद्याच्या अनुसूचींतहि त्याचें नांव आलें. ताज्या चिपाडापासून हें भय फारसें नाहीं. म्हणून साठवणूक कोठें, किती दिवस व कशी होती, हें कारखान्याच्या जुन्या कागदांवरूनच कळावयाचें.

कारखान्याच्या कुंपणाबाहेर याहून मोठा प्रश्न आहे. दर हंगामांत बीड व इतर जिल्ह्यांतून ऊंसतोडणीस कुटुंबें येतात. मुकादम त्यांस आगाऊ उचल देतो व नवराबायको मिळून ‘एक कोयता’ असा हिशेब धरतो. एखाद्या दिवशीं काम बुडालें तर खाड्याची रक्कम कापली जाते. हिशेबाचें परिमाण कोयता असल्यामुळें स्त्रीचें नांव चोपडींत बहुधा स्वतंत्रपणें येतच नाहीं. २०१९ सालीं या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयीं गवगवा झाल्यावर राज्य सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. बीड जिल्ह्यांतील ८२ हजारांवर ऊंसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तींत १३ हजारांवर स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणें अनेक असूं शकतात : फडांत राहण्याची गैरसोय, शौचकूपाचा अभाव, खाड्याची भीति, अल्पवयांतील बाळंतपणें, वैद्याचा सल्ला. त्यांचा परस्परसंबंध सिद्ध करण्यास हंगामागून हंगामाच्या नोंदी पाहिजेत. परंतु मुख्य गोष्ट ही कीं, ज्या दिवशीं कोयता सोडून स्त्री मोजली, त्या दिवशीं आंकडा दिसला.

उन्हाचा विचारहि येथेंच केला पाहिजे. मध्य अमेरिकेंतील ऊंसतोड कामगारांत मधुमेह वा रक्तदाब नसतांहि मूत्रपिंडें निकामी होण्याचा रोग गेल्या कांहीं दशकांत आढळला आहे, व कडक उन्हांतील अतिश्रम हें त्याचें एक प्रमुख कारण मानलें जातें. पाणी, विश्रांति व सावली या तीन साध्या उपायांची योजना तेथें करून पाहण्यांत आली. चरकाचें ‘साहस’ येथें पुन्हां आठवतें; अंतर इतकेंच कीं, आतां तें मोजतां येतें.

७. भवितव्य व संग्राहकांचें कर्तव्य

२०२० सालच्या व्यवसायसुरक्षा व आरोग्यविषयक संहितेंत १९४८ चा कारखाना कायदा व इतर कित्येक कायदे एकत्र करण्यांत आले, व ती नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आली. ठरावीक वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकानें विनामूल्य करावी अशी तींत तरतूद आहे. तपासणीचें चीज व्हावयाचें तर तिची नोंद टिकली पाहिजे, व ती कामगाराबरोबर एका गांवाहून दुसऱ्या गांवास गेली पाहिजे. प्राथमिक आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर धंदा, त्या धंद्यांतलीं वर्षें व पूर्वींचे धंदे हीं तीन सदरें असावींत व तीं भरलीं जावींत. रामाझिनीचा प्रश्न काटेवाडीच्या परटास व फडांतल्या स्त्रीस जेव्हां नेमानें विचारला जाईल, तेव्हांच या संशोधनाची पुढली वाढ होईल. ती वाढ गिरणीकडून शेताकडे, व मालक असलेल्या कामगाराकडून मालक नसलेल्या कष्टकऱ्याकडे व्हावयाची आहे.

यांत इतिहाससंशोधकांचा वाटा कोणता? बंद पडलेल्या गिरण्यांचीं हजेरीपुस्तकें, अपघातांच्या नोंदवह्या, कारखान्यांच्या दवाखान्यांचीं रोजकामें, मुकादमांच्या उचलीच्या चोपड्या, कामगारसंघांचे अर्ज, हें सर्व रद्दीच्या भावानें विकलें जाण्याच्या मार्गावर असतें. शंभर वर्षांपूर्वींचा मोडी रुमाल मिळाला तर आपण तो डोक्यावर घेऊन येतों. चाळीस वर्षांपूर्वींची हजेरीवही वाण्याच्या दुकानीं पुड्यांसाठीं फाटत असली तरी तिकडे पाहत नाहीं. अशी वही मिळाल्यास ती कोठल्या कारखान्याची, कोणत्या खात्याची, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची, हें टिपून ठेवावें. पानें सुटीं करूं नयेत व कोरीं पानें फाडूं नयेत, कारण गैरहजेरीहि बोलते. आजाऱ्यांचीं नांवें असलेले कागद मात्र जपून ठेवावे, व हयात मनुष्याचें वा त्याच्या कुटुंबाचें नांव छापूं नये.

पुष्पिकेंतील लेखकानें आपल्या मोडलेल्या पाठीची हकीकत सांगून पोथी सांभाळण्याची विनंति केली, व आपण ती मान्य केली. हजेरीवहींत ज्याचें केवळ नांव व अंगठा आहे त्यानें विनंति लिहिलेली नाहीं. ती आपण न लिहितांच वाचावयाची आहे. बारामती-इंदापूर भागांतील ज्या वाचकांच्या संग्रहीं अथवा माहितींत असे कागद असतील, त्यांनीं त्यांची यादी तरी या त्रैमासिकाकडे धाडावी, एवढें सुचवून हा लेख पुरा करतों.